अपव्ययाचा कर्ता कोण?

भर दुपारी जळणारे दिवे, एकाच बाजूस छापून टोपलीत गेलेले कागद, रिकाम्या दालनातही चालू असलेले वातानुकूलन यंत्र! व्यावसायिक कचेरीतील या अपव्ययाचा कर्ता कोण, असे विचारले असता लेखनिक अधिकाऱ्याकडे बोट दाखवितो, अधिकारी मालकाकडे आणि मालक काळाकडे. घरी दिवा मालविल्यावाचून न निजणारा सद्गृहस्थही कचेरीत ‘मी कर्ता नव्हे’ म्हणून मोकळा होतो. (बढतीच्या वेळी मात्र आपले कर्तृत्व त्यास बरोबर आठवते.)

हा अकर्तृत्वाचा विपर्यास होय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आपणांस कर्ता मानणाऱ्यास मूढ म्हटले आहे खरे. परंतु तेथे टाकावयाचा आहे तो अहंकार, उत्तरदायित्व नव्हे. अठराव्या अध्यायात तर कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ शंकराचार्य करतात. कचेरीचे शरीर म्हणजे तिची वास्तू. तीच काचेची भट्टी असेल, तर आत बसणाऱ्याने संयम पाळावा तरी किती?

झाशीच्या तटबंदीतील ओरछा गेट ज्या गावाचे नाव वागविते, ते ओरछे झाशीपासून फार दूर नाही. बेतवेच्या त्या परिसरात ‘ताराग्राम’ नावाचे केंद्र आहे. तेथे सुती चिंध्यांपासून व रद्दीपासून हातकागद बनविण्याचा उद्योग उभा राहिला व सहरिया आदिवासी स्त्रियांना त्यात काम मिळाले. ‘बेशरम’ या निरुपयोगी मानलेल्या झुडपाच्या काड्यांपासून वायू करून १९९६ च्या सुमारास तेथे वीजही निर्माण करण्यात आली. केंद्र उभारणारी ‘डेव्हलपमेंट ऑल्टर्नेटिव्हज’ ही दिल्लीची संस्था. खेड्यात इतके केल्यावर राजधानीतील आपल्या कचेरीपुरती तिने सूट घेतली असती, तर कोणी नावे ठेविली नसती. बाहेर पुण्य साठवावयाचे व आत खर्ची घालावयाचे, हा जमाखर्च पुष्कळांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु मुख्यालय नव्याने बांधताना तिने मातीचे व औष्णिक वीजकेंद्रातील राखेचे ठोकळे वापरले, आणि जुन्या वास्तूचे साहित्यही उपयोगात आणले. येथे अधिष्ठानच आधी सुधारले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘वीज वाचवा’ या सूचनेखाली ज्याची सही, त्याचे दालन १८ अंशांवर थंड असेल, तर शिपायाने सूचना मानावी की सही? तरीही शिपायाचा वाटा शून्य होत नाही. पाच कारणांत कर्त्याची गणना आहेच. यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे. २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम झाला. तो आकडा खाली आणण्याची मुभा मात्र वापरणाऱ्याच्याच हाती ठेविली आहे.