पद मागण्याचा धर्म

शेजाऱ्यांवर चालणारा अधिकार शेजाऱ्यांकडेच मागावा की नाही, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे, आणि ग्रामपंचायतीच्या प्रत्येक निवडणुकीत तो पुन्हा उभा राहतो. विधानसभेच्या वा लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक मतदार अनोळखी असतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात, म्हणजे गावाच्या ज्या भागांतून प्रत्येकी जास्तीत जास्त तीन सदस्य निवडले जातात त्यांपैकी एका भागात, मतदार काहीशे असतात आणि उमेदवार त्यांतील बहुतेकांना नावाने, घराने आणि भावकीने ओळखतो. अशा ठिकाणी अर्ज भरणे म्हणजे ज्यांच्या बांधाला बांध लागलेला आहे त्यांच्यासमोर ‘मी या कामाला योग्य आहे’ असे स्वतःच्या तोंडाने सांगणे होय. आणि अहंकार हा साधनेतील मोठा अडथळा मानणाऱ्या परंपरांत वाढलेल्या माणसाला हे सांगणे सहज जमत नाही. त्यातून एक समज रूढ झाली आहे, ती अशी की भल्या माणसाने निवडणुकीपासून दूर राहावे, गावाने बोलावले तरच यावे, मागून पद घेऊ नये. ही समज वरवर विनयाची दिसत असली, तरी तिची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डोळखांब आणि त्याच्या आसपासची सह्याद्रीच्या पायथ्याची गावे या चिकित्सेसाठी विशेष उपयुक्त ठरतात. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कुणबी अशा समाजांची ही वस्ती एका गावठाणात एकवटलेली नसून पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. शहापूर हा संपूर्ण तालुका आणि शेजारच्या मुरबाड तालुक्याचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे तेथे १९९६ चा पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला ‘पेसा’ कायदा, लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. या कायद्यानुसार सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखीव असते, पाड्याला स्वतःची ग्रामसभा असू शकते आणि आपल्या रूढी-परंपरा व साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली जाते. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी, म्हणजे कोणत्या कामावर खर्च करायचा ते गावानेच ठरवायचे असा निधी, २०१५ पासून थेट या पंचायतींकडे येऊ लागला. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेव्हा या पदांपाशी केवळ मान नसून पाणी, रस्ता आणि वनहक्क यांविषयीचे निर्णय आहेत, आणि कोणी मागायचे व कोणी गप्प बसायचे या प्रश्नाला येथे प्रत्यक्ष परिणाम आहेत.

न मागण्याच्या पक्षाला शास्त्राधार भक्कम आहे. बौद्ध भिक्षुसंघाच्या शिस्तीचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात संघाच्या कामासाठी अधिकारी नेमण्याची जी रीत दिली आहे, तीत योग्य भिक्षूने स्वतः पुढे यायचे नसते. प्रथम त्याला विनंती करायची, तो तयार झाला की प्रस्ताव संघापुढे मांडायचा आणि संघाचे मौन ही संमती समजायची, असा तो क्रम आहे. मतभेद तीव्र असल्यास शलाका, म्हणजे मताच्या काड्या, वाटून बहुमत पाहिले जाई, आणि त्या काड्या हाताळणारा भिक्षू छंद (पक्षपाती ओढ), द्वेष, मोह आणि भय या चारही विकारांनी न वाहवणारा असावा, अशी अट होती. इस्लामी परंपरेत पैगंबरांच्या वचनांचे जे संग्रह हदीस म्हणून ओळखले जातात, त्यांत अब्दुर्रहमान इब्न समुरा यांना केलेला उपदेश आहे: अधिकार मागू नये, कारण न मागता आला तर त्यात साहाय्य लाभते आणि मागून मिळवला तर माणूस त्याच्या ओझ्याखाली एकटा पडतो. रामकथेतील भरत हे या पक्षाचे भारतीय मनावर सर्वांत खोल बिंबलेले उदाहरण होय, आणि डोळखांबच्या परिसराला ते परके नाही. देहणे गावावरील आजोबा पर्वतावर वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुशांचे बालपण तेथे गेले, अशी या भागाची श्रद्धा आहे.

परंतु भरताचे उदाहरण नीट पाहिले, तर ते घरी बसणाऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही. भरताने सिंहासन नाकारले. राज्यकारभार नाकारला नाही. नंदिग्रामात राहून, पादुकांना समोर ठेवून, त्याने चौदा वर्षे तो भार वाहिला आणि परत आलेल्या रामाच्या हाती राज्य सुस्थितीत सोपवले. त्याग झाला तो मानाचा, कष्टाचा नव्हे. गावातील सुशिक्षित वा सज्जन माणूस ‘राजकारण आपले काम नव्हे’ असे म्हणून जेव्हा बाजूला होतो, तेव्हा तो बहुधा मान आणि कष्ट दोन्ही सोडतो आणि तरीही स्वतःला विरक्त समजतो. या दोन गोष्टींत केलेली ही गल्लत हाच त्या समजुतीचा मूळ दोष आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस हेच वेगळ्या अंगाने मांडतो: चांगली माणसे पैशासाठी वा कीर्तीसाठी सत्ता घेणार नाहीत, पण ती न घेण्याची शिक्षा म्हणून त्यांना आपल्याहून हीन माणसांच्या सत्तेखाली राहावे लागते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात येणारी लोकसंग्रहाची कल्पना, म्हणजे लोकांना एकत्र धरून ठेवणे व समाजाची घडी विस्कटू न देणे हे ज्ञानी माणसाचेही कर्तव्य मानण्याची कल्पना, शिक्षेच्या भीतीपेक्षा उंच पातळीवरून त्याच निष्कर्षाला येते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी तिला विवेचनाच्या मध्यभागी आणले, आणि ते लिहिणारा पुरुष त्याआधी वीस वर्षे, १८९५ मध्ये, मुंबई विधिमंडळाच्या जागेसाठी स्वतः निवडणुकीतून गेलेला होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मागण्याच्या पक्षाचा सर्वांत नेमका दृष्टान्त मात्र त्याच परंपरेत सापडतो जिच्यात मागण्याचा निषेध आहे. कुराणातील यूसुफ मिसरच्या राजाला देशाची कोठारे आपल्या ताब्यात देण्यास सांगतो, आणि त्याची दोन कारणे देतो: आपण राखणदार आहोत आणि आपल्याला जाण आहे. समोर दुष्काळाची वर्षे होती. काम निश्चित होते आणि त्यासाठी लागणारे गुणही निश्चित होते, म्हणून भाष्यकारांनी ही मागणी दोषास्पद मानली नाही. यावरून जो भेद हाती येतो, तो असा की प्रतिष्ठा मागणे वेगळे आणि नेमून घेतलेले काम मागणे वेगळे. ‘मला निवडून द्या’ एवढेच म्हणणारा पहिल्या वर्गात राहतो. अमुक पाड्याची नळयोजना का बंद पडली हे जाणणारा आणि ती चालू करण्यासाठी जागा मागणारा दुसऱ्यात जातो. अहंकाराचा प्रश्न ‘मी’ हा शब्द उच्चारल्याने निर्माण होत नाही, तर त्या शब्दापुढे काय येते यावर तो अवलंबून राहतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की उघडपणे मागणाऱ्याला उघडपणे नाकारता येते. अनामत रक्कम भरून, छाननीला सामोरे जाऊन, मिळालेले चिन्ह घेऊन दारोदार फिरणारा उमेदवार स्वतःला शेजाऱ्यांच्या निर्णयाखाली ठेवतो आणि त्यांचा नकार सोसण्याची तयारी दाखवतो. ज्याला गावाने ‘बोलावून’ पदावर बसवले, त्याने ही जोखीम कधीच उचललेली नसते, आणि पुढे त्याला जाब विचारणे अवघड जाते, कारण त्याने काही मागितलेले नसते आणि कशाचे वचनही दिलेले नसते. या दृष्टीने उमेदवारी हाच विनयाचा अधिक कठीण प्रकार ठरतो.

बिनविरोध निवडीची जी प्रशंसा केली जाते आणि तिच्यासाठी जी बक्षिसे जाहीर होतात, त्यांकडे या कसोटीने पाहावे लागते. एकमत ही फार मोलाची वस्तू आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने आपले निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत अनेक दशके चालवून दाखवली, परंतु तेथे निर्णयाआधी दीर्घ चर्चा होते आणि एकाही माणसाचा विरोध शिल्लक असला तर निर्णय पुढे ढकलला जातो. देवळात चार पुढाऱ्यांनी बसून नावे ठरवायची आणि उरलेल्यांना माघार घ्यायला लावायची, हे तसे एकमत नव्हे. अशा बैठकीला दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे नसतात, बायका क्वचित असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना गावाऐवजी व्यक्ती हा घटक का स्वीकारला हे सांगितले, ते याच अनुभवातून. गावाच्या नावाने बोलणारा आवाज बहुतेक वेळा गावातील बलवानांचाच असतो, हे ते जाणून होते. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखात तर मागणे आणि बोलावणे या दोहोंना टाळणारी वाट दिसते: पात्र माणसांची नावे ताडपत्रांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढवायची, आणि ज्याने आधीच्या मुदतीचा हिशेब दिला नाही त्याला व त्याच्या नातलगांना बाद ठरवायचे. त्या पात्रतेत जमीन, घर आणि वेदाध्ययन यांच्या अटी होत्या, म्हणून ती पद्धत आज जशीच्या तशी आदर्श मानता येत नाही. हिशेबाची अट मात्र आजही हेवा वाटावा अशी आहे. आजच्या कायद्यातही समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकून निकाल लावतात.

देव या व्यवहारात कोठे यावा, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि त्यावर स्पष्ट मत मांडणे टाळता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तेथे सरपंचपदासाठी जाहीर लिलाव झाल्याचे उघडकीस आले. बोली उमराण्यात दोन कोटींच्या वर आणि खोंडामळीत ४२ लाखांपर्यंत गेली होती, आणि ती रक्कम मंदिराच्या कामाला द्यायची होती. पैसा कोणाच्या खिशात जाणार नव्हता, देवाच्या कामी लागणार होता, म्हणून त्यात पाप नाही, असा युक्तिवाद अशा वेळी गावात प्रामाणिकपणे केला जातो, त्यामुळे त्याला उत्तर देणे भाग आहे. दान म्हणजे जे आपले आहे त्यावरील स्वामित्व सोडणे. लिलावात बोली लावणारा स्वतःचे धन सोडतो खरा, पण त्या बदल्यात जे घेतो ते, म्हणजे प्रत्येक गावकऱ्याचा निवड करण्याचा अधिकार, विकण्याची मुभा लिलाव पुकारणाऱ्यांना कोणीच दिलेली नसते. दुसऱ्याची वस्तू विकून उभा राहिलेला कळस देवाला अर्पण झाला असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार अधिक व्यापक आणि अधिक गुप्त आहे. मतदानाच्या आदल्या रात्री मतदाराला देशावर बेल-भंडार उचलायला लावतात, अन्यत्र नारळावर हात ठेवायला लावतात किंवा गावदेवीची आण घ्यायला लावतात. कायद्याने हे केव्हाच गैर ठरवले आहे: १९२० साली दंड संहितेत निवडणूकविषयक गुन्ह्यांचे जे प्रकरण घातले गेले, त्यात मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणे हा अनुचित दडपणाचा प्रकार मानला गेला, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही ती तरतूद आहे. परंतु ज्या माणसाने आण घेतली त्याचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. त्याला गावदेवीपुढे उभे राहायचे असते. त्याला धर्मानेच उत्तर द्यावे लागेल, आणि ते देता येते. बळाने देवविलेले, बळाने भोगलेले आणि बळाने लिहवून घेतलेले सर्व न केल्यासारखेच होय, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. ज्या ग्रंथाची समाजरचना आज सर्वथा अग्राह्य आहे, तोही एवढे मान्य करतो. शिवाय वचन त्याच वस्तूचे देता येते जी देणाऱ्याच्या पूर्ण मालकीची असते, आणि मत ही साऱ्या गावासाठी हाती ठेवलेली ठेव आहे. म्हणून अशी आण मोडणाऱ्या गरीब मतदाराला दोष लागत नाही. ती घ्यायला लावणाऱ्याला लागतो, आणि तो दोष देवाला भाड्याने राबवल्याचा आहे. उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी गावदेवीला नारळ फोडणे ही गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तेथे तो स्वतःला बांधून घेतो, शेजाऱ्याला नव्हे. श्रद्धेने मागणाऱ्याला बांधावे आणि देणाऱ्याला मोकळे ठेवावे, ही मर्यादा पाळली गेली तर देवाचे नाव निवडणुकीत येण्याने काही बिघडत नाही.

उरतो तो हरलेला उमेदवार. छोट्या प्रभागात निकाल कधी कधी पाच-दहा मतांनी लागतो, कोणी पाठ फिरवली याचा अंदाज घराघरांत बांधला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर त्याच विहिरीवर, त्याच जीपमध्ये, त्याच आठवडे बाजारात वावरायचे असते. निष्काम कर्माची, म्हणजे फळावर हक्क न सांगता कर्म करण्याची, शिकवण ज्याला पुस्तकातून कळली नाही, त्याला ती येथे कळण्याचा संभव असतो. कधी मात्र या पराभवातून दोन पिढ्यांचा अबोलाही जन्मतो, आणि तो लग्नकार्यांत व मयताच्या प्रसंगीही सुटत नाही. तरीही पेसा क्षेत्रात पराभूत माणूस कारभाराबाहेर फेकला जात नाही. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, आणि पंचायतीने खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घेणे पंचायतीला बंधनकारक आहे. ज्या कामासाठी त्याने जागा मागितली होती, ते काम झाले की नाही हे विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे विजयी उमेदवाराइतकाच राहतो, आणि त्याने खरोखर काम मागितले होते की प्रतिष्ठा, याचा निर्णय तो पुढच्या ग्रामसभेला येतो की नाही यावरून गावाला करता येतो.