अर्ज घेणे आणि अर्ज ऐकणे

दुर्बळाने बलवंतापुढे गाऱ्हाणे मांडावे ही रीत राज्यांइतकीच जुनी आहे. अर्ज करणाऱ्याच्या हाती सत्ता नसते. त्याच्या हाती केवळ त्याचे म्हणणे असते. म्हणून असा प्रश्न उत्पन्न होतो की, सत्ताधाऱ्याने अर्ज हाती घेतला, वाचला व मेजावर ठेवला, म्हणजे त्याचे कर्तव्य पुरे झाले काय? आणि ज्याचा अर्ज नामंजूर झाला त्याचे श्रम व्यर्थ गेले असे म्हणावे काय? हा विचार कोरडा होऊ नये म्हणून एक घडलेली हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाताळ नावाची इंग्रजांची वसाहत होती. ख्रिस्तजन्माच्या सणाच्या दिवसांत, १४९७ साली, वास्को द गामाने तो किनारा पाहिला म्हणून त्यास हे नाव पडले. तेथील उसाच्या मळ्यांवर काम करण्यास १८६० सालापासून हिंदी मजूर कराराने नेण्यात येत. त्यांच्यामागून व्यापारीही गेले. १८९३ साली वसाहतीस आपला कारभार आपल्या कायदेमंडळाकडून चालविण्याचा अधिकार मिळाला. मत देण्याचा हक्क मिळकतीवर अवलंबून असे: ज्याची ५० पौंडांची स्थावर मिळकत असेल अथवा जो वर्षास १० पौंड भाडे भरीत असेल, त्यास तो मिळे. अशा हिंदी मतदारांची संख्या सर्व वसाहतीत अडीचशेच्या आसपास होती, तर गोऱ्या मतदारांची नऊ हजारांवर. तरीही १८९४ साली आशियाई वंशाच्या लोकांस मतदारांच्या यादीतून वगळण्याचा मसुदा कायदेमंडळापुढे आला.

त्या वेळी मोहनदास गांधी हे चोवीस वर्षांचे बॅरिस्टर एका व्यापाऱ्याच्या दाव्याचे काम संपवून स्वदेशी परतण्याच्या बेतात होते. त्यांच्या निरोपाच्या मेजवानीतच ही बातमी वर्तमानपत्रात त्यांच्या दृष्टीस पडली. ते राहिले. प्रथम सभापतीस व मुख्य प्रधानास तारा करून मसुद्याचा विचार लांबणीवर टाकण्याची विनंती करण्यात आली, आणि दोन दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात अर्ज लिहून, त्याच्या नकला करून, सह्या मिळवावयाच्या होत्या. ह्या कामास पुढे आलेल्या स्वयंसेवकांत नाताळात जन्मलेले पुष्कळ ख्रिस्ती तरुण होते. डरबनच्या न्यायकचेरीतील एक दुभाषी व मिशनशाळेचे एक मुख्याध्यापक ह्यांनी त्यांस एकत्र आणिले होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, धनी आणि चाकर असा भेद त्या दिवसांत कोणी मानला नाही. सुमारे पाचशे सह्यांचा अर्ज कायदेमंडळापुढे गेला.

मसुद्याच्या बाजूने मुख्य म्हणणे असे होते की, हिंदी लोकांस प्रतिनिधी निवडण्याची सवय कधीच नव्हती, तेव्हा ते मत देण्यास पात्र नाहीत. अर्जाने ह्यास सरळ उत्तर दिले. गावोगावच्या पंचायती व म्हैसूरची प्रतिनिधिसभा ह्यांचा दाखला देऊन, हिंदुस्थानात निवडणुकीची रीत फार प्राचीन आहे, असे त्यात दाखविले होते. अर्जावर सभागृहात चर्चा झाली. मसुद्याच्या समर्थकांनी जे उत्तर दिले ते लंगडे होते असे गांधींनी पुढे लिहून ठेविले आहे. मसुदा मात्र मंजूर झाला.

ह्यानंतर विलायतेतील वसाहतमंत्री लॉर्ड रिपन ह्यांजकडे दुसरा अर्ज गेला. हे गृहस्थ १८८० ते १८८४ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. सुमारे पंधरा दिवसांत दहा हजार सह्या मिळाल्या. पुढे राणीसरकारने त्या कायद्यास संमती दिली नाही. अर्जदारांस जय मिळाला असे वाटले. परंतु १८९६ साली नाताळाने दुसरा कायदा केला. त्यात आशियाई हा शब्द नव्हता. ज्या देशांत पार्लमेंटच्या धर्तीवर निवडलेल्या संस्था नाहीत तेथील लोकांस मत नाही, एवढेच होते. ह्यास मात्र संमती मिळाली. शब्द बदलला, अन्याय तोच राहिला.

येथे कोणी विचारील: कायदेमंडळास नकार देण्याचा अधिकार नाही काय? आहे. अर्ज म्हणजे हुकूम नव्हे. न्यायी मनुष्यही पुष्कळ अर्ज नाकारतो. नाताळाच्या कायदेमंडळाने दोन दिवस थांबून अर्ज घेतला व त्यावर चर्चा केली, हेही त्याच्या पदरी घातले पाहिजे. दोष नुसत्या नकारात नाही. जे कारण सांगितले गेले होते त्यास अर्जदारांनी पुराव्यासह उत्तर दिले. असे असता तेच कारण, जणू कोणी काही बोललेच नव्हते अशा रीतीने, दोन वर्षांनी नव्या कायद्याचा पाया झाले. कानांनी ऐकूनही मनाने न ऐकणे ते हेच. ज्याचे म्हणणे आपण नाकारतो त्याच्या कारणास आपल्या कारणाने उत्तर देणे, एवढे ऋण प्रत्येक सत्ताधाऱ्याच्या शिरावर आहे. हे ऋण न फेडता केवळ शिक्का मारून अर्ज परत देणारा मनुष्य सभ्य असेल, न्यायी नाही.

परंतु मागणाराच्या शिरावरही काही भार आहे. दहा हजार सह्यांच्या कामात एक नियम कडक पाळण्यात आला: अर्जाचा अर्थ पुरता समजल्यावाचून कोणाचीही सही घ्यावयाची नाही. स्वयंसेवक दूरदूरच्या वस्त्यांवर जात व एकेकास अर्ज समजावून सांगत. म्हणून नकार मिळूनही श्रम व्यर्थ गेले नाहीत. ज्याने समजून सही केली तो मनुष्य पूर्वीचा राहिला नाही. आपणही बोलू शकतो हे त्यास कळले. त्याच १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस उभी राहिली.

ह्याच अर्जात एक उणेपणही होते, आणि तो लपविणे सत्यास धरून होणार नाही. त्या भूमीचे मूळ रहिवासी झुलू लोक सर्वांहून अधिक होते, आणि १८६५ च्या कायद्यापासून त्यांस मताचा हक्क जवळजवळ बंदच होता. अर्जदारांनी त्यांच्यासाठी काही मागितले नाही. जो स्वतः दाराबाहेर उभा आहे त्यासही आपल्यामागे उभा असलेला दिसत नाही, इतके मनुष्याचे हृदय अरुंद असते.

आपल्या गावातही विहिरीसाठी, रस्त्यासाठी, जमिनीच्या तुकड्यासाठी अर्ज लिहिले जातात, आणि अक्षरओळख असलेल्या मनुष्याकडे लोक कागद घेऊन येतात. त्या वेळी अंगठा उठविण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवावा, अर्थ विचारून पाहावा, आणि ज्यांची नावे त्यात नाहीत अशा शेजाऱ्यांचे काय, हेही विचारावे. तसेच पंचाच्या वा वडीलधाऱ्याच्या आसनावर बसण्याची पाळी आपणावर आली, तर समोरच्या गरिबास “नाही” म्हणताना ते का, हे त्याच्या तोंडाकडे पाहून सांगावे.