न विचारलेलं हीण

एखाद्या वागण्याला आपण हिणकस म्हणतो, तो शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे. हीण म्हणजे मौल्यवान धातूत मिसळलेला हलका धातू. कसोटीला उतरणं, बावनकशी असणं, हेही तिथलंच. त्यामुळे मिसळ म्हणजे खोट आणि निर्भेळ ते चांगलं, ही समजूत भाषेतच मुरली आहे.

चांदीवरचा शिक्का या समजुतीला छेद देतो. '९२५' म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी; उरलेले ७५ भाग बहुधा तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ की रोजच्या वापरातला दागिना वाकतो, झिजतो. तांब्यानं तिला टणकपणा येतो. म्हणजे इथे हीण ही दागिन्याची गरज आहे, आणि शिक्का ते मोजून कबूल करतो.

मग फसवणूक सुरू कुठे होते? समजा, पैंजणांचे दोन जोड आहेत, दोन्हींत साठ टक्के चांदी. एक तसं सांगून, तसाच भाव लावून विकला. दुसरा नुसता 'चांदीचा' म्हणून, चांदीच्या भावानं. धातू तोच, तांबंही तेवढंच. दुसरा दुकानदार म्हणेल, "मी खोटं कुठे बोललो? तिनं टंच विचारला नाही, मी सांगितला नाही."

हे उत्तर फार जुनं असावं. इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्यानं चांदीवर बिबळ्याच्या मुखाचा शिक्का आवश्यक केला. १४७८ पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये माल तपासून छाप मारला जाऊ लागला; 'हॉलमार्क' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आपल्याच मालाबद्दल आपलाच शब्द पुरेसा नाही, हे त्यामागचं गृहीतक. भारतीय मानक ब्यूरोनं चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू केलं. सोन्यासाठी जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्ती आली, तेव्हा चांदी मात्र ऐच्छिकच राहिली. ऐच्छिक म्हणजे व्यवहारात जो मागेल त्याला.

मागत कोण नाही? जिच्या घरी जोडवी, पैंजण, तोडे हीच शिल्लक असते, ती. खरेदी लग्नसराईत होते, नजरेनं होते. मोड होते ती दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी. तेव्हा दागिना वितळतो, टंच निघतो आणि घट तिच्या पदरात पडते. खरेदीच्या दिवशी पाळलेल्या मौनाची किंमत ती सर्वांत अडलेली असताना मोजते.

कारागिरांची बाजू खोटी नाही. पैंजणात कितीतरी सांधे असतात आणि प्रत्येक सांध्याला लावलेला डाख शुद्धता कमी करतो. हुपरीसारख्या चांदीच्या गावात हे कुणालाही ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला स्वस्त माल हवा असतो, हेही खरं. पण ही सगळी कारणं टंच कमी का, याची आहेत. तो लपवायचा का, याचं उत्तर त्यांत नाही.

जे मला दिसतं, समोरच्याला दिसू शकत नाही आणि ज्यावर त्याचं नुकसान अवलंबून आहे, तिथे त्याचं न विचारणं ही मला मिळालेली सूट ठरत नाही. तिथे मौन हेच विधान होतं. शिक्का नसेल तर नसो. आपण काय ओतलं, हे घडवणाऱ्याला माहीत असतं आणि पावतीवर तेवढा एक आकडा लिहायला जागाही असते.