पाय कुठे ठेवायचा

थंडीच्या दिवसांत पहाटे पुणे-बेंगळुरू महामार्गावर कागलजवळ कधीकधी दिगंबर मुनींचा विहार दिसतो. ट्रक घोंगावत जातात आणि कडेने मुनी अनवाणी चालतात, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. या जपून चालण्याला ईर्यासमिती म्हणतात. हातातली पिंछी मोरांनी आपसूक गाळलेल्या पिसांची. बसण्याआधी तिने जागा हळुवार झाडायची. चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराज (१८७२-१९५५) याच मुलखातले. त्यांचं भोज गाव दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळ.

आजरा-आंबोलीमार्गे कोकणात उतरलं की या चालण्याची कसोटी समुद्रात लागते. निवतीच्या कड्यांसमोर खोल पाण्यात वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटं आहेत. पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलअलींनी १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या पाकोळ्या आणि सुरय या पक्ष्यांवर लिहिलं. पाकोळी गुहेच्या भिंतीला लाळेने घट्ट झालेली वाटी चिकटवते आणि काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. सुरय घरटं विणत बसत नाही. खडकावर, कपारीच्या आडोशाला ठिपक्यांचं अंडं असतं. जवळूनही ते चटकन दिसत नाही.

पाकोळ्यांची घरटी विकणाऱ्या तस्करांची हिंसा ओळखायला शास्त्र लागत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने पाकोळ्यांसाठी वर्षानुवर्षं काम केलं ते त्यामुळेच. अवघड आहे ते वेगळंच. पक्ष्यांवर जीव असलेला माणूस, गळ्यात दुर्बीण, एक पाऊल पुढे टाकतो. सुरय उडतात. अंडं उन्हात उघडं पडतं.

मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मग ही हिंसा का?

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आणतो. जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली अचानक जीव आला तर दोष लागत नाही, असं त्यावरची पूज्यपादांची टीका सांगते. पक्षीप्रेमीला मात्र ही सवलत मागता येणार नाही. बेटावर वीण चालू आहे हे त्याला निघतानाच ठाऊक असतं. तीच बघायला तर तो आलेला असतो. त्याच्या पायाखाली काहीही अचानक येत नाही.

पावसाळ्यात वाटा जिवांनी भरतात म्हणून मुनी चार महिने एका गावी थांबतात. विणीच्या दिवसांत त्या खडकांचंही तसंच असतं. वाटाड्याने तेव्हा माणसांना निवतीच्या किल्ल्यावर न्यावं. तिथून बेटं क्षितिजावर दिसतात, आणि नशीब असेल तर कड्याभोवती घिरट्या घालणारा काकण, म्हणजे समुद्री गरुडही.