विसरायला वेळ लागणारा दिवा

समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेताना विलोबी स्मिथ सेलेनियमच्या कांड्या वापरत असे. त्यांचा विद्युतरोध भरपूर, म्हणून सोयीच्या. पण तो एका जागी ठरेना. कांड्यांची पेटी उघडली की उतरे, मिटली की चढे. उजेडाचा हा परिणाम १८७३ साली जाहीर झाला. शास्त्राला नवी वाट मिळाली, केबलच्या कामाला मात्र पदार्थ बेभरवशाचाच राहिला.

गिटार-बेससाठी घरी ऑप्टिकल कॉम्प्रेसर पेडल बांधणारा माणूस हाच बेभरवसा हौसेने विकत आणतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘एलडीआर’ मागितला की नागमोडी रेघेची बारीक चकती मिळते, कॅडमियम सल्फाइडची. तिच्यासमोर एलईडी धरायचा आणि दोघांना काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद करायचं. फट राहिली तर ट्यूबलाइटची सेकंदाला १०० वेळची लुकलुक सुरात घुमू लागते. तार जोरात छेडली की एलईडी उजळतो, एलडीआरचा रोध पडतो आणि आवाजाचा काही भाग ग्राउंडकडे वळतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८० मध्ये फोटोफोनमधून प्रकाशावर बोलणं पाठवलं. इथे प्रकाशावरून सुराचा फक्त जोर जातो. सूर आणि त्याला आवरणारा दिवा यांच्यात विजेचा स्पर्शही नाही. मला ही रचना फार सभ्य वाटते.

एलईडी क्षणात पेटतो, एलडीआर सावकाश जागा होतो. नेहमीच्या जीएल ५५२८ च्या माहितीपत्रकात उजेडाला २० आणि अंधाराला ३० मिलिसेकंद दिलेले असतात. चार तारांच्या बेसवर सगळ्यांत जाड तारेचं एक कंपन साधारण २४ मिलिसेकंदांचं. कॉम्प्रेसर फार चपळ असता तर प्रत्येक लहरीच्या आतच आवाज कमी-जास्त करत बसला असता आणि सूर फाटला असता. हा जरा उशिरा पोचतो. तोवर बोटाचा पहिला ठोका निसटून गेलेला असतो, आणि वाजवणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

खरी गंमत पकड सुटण्यात आहे. स्फटिकातल्या दोषांत अडकलेले विद्युतभार उजेड गेल्यावरही रेंगाळत सुटतात. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात जिम लॉरेन्सने घडवलेल्या टेलिट्रॉनिक्स एलए-२ए या कॉम्प्रेसरमध्ये निम्मी पकड सुमारे ६० मिलिसेकंदांत सैल होते. उरलेली सुटायला अर्ध्यापासून पाच सेकंद लागतात, आधी किती जोराने आणि किती वेळ दाबलं होतं त्यावर. या पेटीला गाणं कळतं, असं लोक कौतुकाने म्हणतात. कळत काही नाही. तिला विसरायला वेळ लागतो, इतकंच. (ऐकणाऱ्याचं तरी याहून फार वेगळं असतं का?) जगदीशचंद्र बोसांनी १९०२च्या ग्रंथात धातूंच्या थकव्याचे आलेख सजीवांच्या आलेखांशेजारी मांडले. त्यांच्या निष्कर्षांशी वाद घालता येईल. पण निर्जीव वस्तूचं वागणं तिच्यावर आधी काय गुजरलं यावर ठरतं, हे सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्याला वेगळं पटवावं लागत नाही.

कॅडमियम विषारी, युरोपने २००६ पासून त्यावर बंधनं घातली, तेव्हा तुटका एलडीआर कचऱ्यात भिरकावू नये. शिवाय एकाच पाकिटातले दोन सारखे निघत नाहीत. मल्टिमीटर लावून चाळणी होते, पण निवड शेवटी वाजवूनच करावी लागते. बेसच्या लांब सुरांना मी सुस्तातला सुस्त तुकडा देतो. तोच गिटारला लावला तर भरभर छेडलेल्या ताना गुदमरतात. तिथे चुणचुणीत लागतो, आणि तसे पाकिटात कमीच निघतात.