बटणाचे गुण आणि बटण

पायथॉनमध्ये टीकिंटर वापरून पहिलं बटण बनवणारा विद्यार्थी तासाभरात दोन क्रिया शिकतो. बटणाला त्याचा गुणधर्म विचारायचा असेल तर ‘सीगेट’, बदलायचा असेल तर ‘कॉन्फिगर’. एका ओळीत ‘जतन करा’चं ‘जतन झालं’ होतं, दुसऱ्या ओळीत अक्षरांचा टाइप बदलतो, तिसऱ्या ओळीत बटण निष्क्रिय होतं आणि कितीही क्लिक केलं तरी हलत नाही. मजकूर बदलला, रूप बदललं, वागणंही बदललं. तरी विद्यार्थीही म्हणतो आणि प्रोग्रॅमही मानतो, की बटण तेच आहे.

हे ‘तेच’ म्हणजे नेमकं काय, याचा शोध भारतीय दर्शनांनी फार खोलवर घेतला आहे. वैशेषिकांचं उत्तर सरळ आहे. गुण वेगळा आणि गुण ज्याच्यात राहतो ते द्रव्य वेगळं. घडा कच्चा असताना काळा, भाजल्यावर लाल; त्यांच्या जवळचे नैयायिक म्हणतात, रंग गेला-आला, घडा आश्रय म्हणून राहिला. कणादांनी सतरा गुण सांगितले, प्रशस्तपादांनी ते चोवीसपर्यंत नेले. टीकिंटर ज्याच्यावर उभं आहे त्या ‘टीके’चं साधं बटण या बाबतीत जास्त श्रीमंत आहे. त्याला काहीही न देता नुसतं ‘कॉन्फिगर’ म्हटलं, की ते आपल्या तीसहून अधिक गुणधर्मांची यादीच समोर ठेवतं, आणि जवळपास प्रत्येकासोबत दोन किमती सांगतं: मुळात ठरलेली आणि आत्ताची.

पण त्या यादीत ‘बटण’ नावाची नोंद कुठेच नसते.

नागसेन भिक्षूंनी ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंदाला नेमकं इथेच अडवलं होतं. दांडा म्हणजे रथ का? आस? चाकं? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि मग ‘रथ’ हे या सगळ्यांना मिळून दिलेलं व्यवहारातलं नाव ठरतं. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच अडचणीत सापडला तेव्हा त्याला एक हिंदी माणूस आठवला. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर, तर कशावर तरी. गुणांखालचं द्रव्य म्हणजे असंच ‘काहीतरी’, अशी त्याची कबुली होती.

वैशेषिकांची खरी परीक्षा मात्र त्यांच्याच घरात झाली. द्रव्य हे गुणांचं कारण, आणि कारण कार्याच्या आधी असायला हवं. म्हणजे जन्माला आलेला घडा पहिल्या क्षणी बिनगुणांचाच असला पाहिजे! मग ‘ज्याला गुण आहेत ते द्रव्य’ ही व्याख्या त्या एका क्षणाच्या घड्याला लागूच पडत नाही. न्याय-वैशेषिक पंडित अन्नंभट्टांनी आपल्या ‘तर्कसंग्रहा’वर स्वतःच लिहिलेल्या ‘दीपिके’त हा आक्षेप घेऊन सोडवला आहे. तोडगा असा, की त्या क्षणी घड्यात गुण नसले तरी जाती असते, ‘द्रव्यत्व’ असतं, आणि जिथे गुण राहतात तिथेच ही जाती राहते. गुण मागाहून आले तरी चालतात, जाती जन्मासोबतच येते.

जॉन औस्टरहौट यांनी बर्कलीमध्ये १९८८ साली टीसीएल भाषेचं काम सुरू केलं आणि तिच्या जोडीला टीके उभं केलं, तेव्हा त्यांच्यासमोर अन्नंभट्ट असण्याचं काही कारण नव्हतं. तरी टीकेतली चौकट, म्हणजे फ्रेम, घेऊन पाहावी. तिचा रंग, कडा, आकार हवा तेव्हा बदलता येतो. पण तिचा ‘क्लास’, म्हणजे वर्ग, जन्मानंतर बदलायला गेलं, की टीके साफ नकार देतं: विजेट (बटण, चौकट असा पडद्यावरचा घटक) तयार झाल्यावर हा पर्याय बदलता येणार नाही. घड्यात आणि विजेटात एक फरकही आहे. टीकेत गुणहीन क्षण प्रोग्रॅमरच्या वाट्याला कधीच येत नाही. ज्या आज्ञेनं विजेट जन्मतं तीच आज्ञा सगळ्या मूळ किमती भरून टाकते. न्यायशास्त्रानं ज्या क्षणाची एवढी चिंता वाहिली, तो इथे आज्ञेच्या पोटातच संपतो.

गुण वाचणं ही क्रियाही वाटते तितकी निर्मळ नाही. बटणाची रुंदी ‘सीगेट’नं विचारली तर कुणीतरी मागितलेली रुंदी कळते, तीही अक्षरांच्या मापात; काहीच मागितलं नसेल तर शून्य. पडद्यावरची खरी रुंदी हवी तर ‘विन्फो’ला विचारावं लागतं, आणि तेही मांडणी होण्याआधी विचारलं तर उत्तर येतं एक पिक्सेल. नवशिके इथे हमखास फसतात. खरी रुंदी एकट्या बटणाची नसतेच. ती मजकूर, टाइप, शेजारची विजेटं आणि त्यांना सामावणारी खिडकी यांच्यात ठरते. द्रव्य-गुणांच्या वादात हे फार मोलाचं आहे, कारण वस्तूपाशी वाटणारे कित्येक गुण असे संबंधांत राहतात.

मग बदलांतून टिकतं ते काय? नैयायिक प्रत्यभिज्ञेचा दाखला देतात: ‘हा तोच घडा’ ही ओळख. बौद्धांचं उत्तर, केस-नखं कापली आणि पुन्हा उगवली तरी माणूस ‘तीच नखं’ म्हणतो, तेव्हा ओळख हा पुरावा नव्हे.

टीकिंटरमध्ये हा वाद प्रत्यक्ष करून पाहता येतो. बटणाला स्वतःहून ‘जतन’ असं नाव द्यावं. पायथॉनच्या हाती त्या बटणाचा फक्त पत्ता असतो: कोणत्या खिडकीतलं, काय नावाचं. बटण नष्ट केलं तरी जुनं चल शिल्लक राहतं. त्याला मजकूर विचारला तर चूक येते, कारण त्या पत्त्यावर कुणीच नसतं. आता त्याच खिडकीत त्याच नावाचं दुसरं बटण तयार करावं, ‘रद्द करा’ अशा मजकुराचं. जुन्या चलाला पुन्हा विचारलं, तर यावेळी चूक येत नाही. ते शांतपणे ‘रद्द करा’ असं उत्तर देतं.