नाममुद्रा

लोकांच्या कलांचा अभ्यास करायला वस्तीत जाणाऱ्याला एक संमतिपत्र भरून घ्यावं लागतं. अभ्यास कशासाठी ते समजावून सांगायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि प्रबंधात तुमची ओळख कुठेही उघड होणार नाही अशी हमी द्यायची. हा नियम योग्य कारणाने आलेला आहे. कुणी पोलिसांबद्दल, मालकाबद्दल, नवऱ्याबद्दल विश्वासाने सांगितलेली गोष्ट उद्या सांगणाऱ्याच्याच अंगावर येऊ नये, म्हणून तो आहे. पदव्युत्तर अभ्यासासाठी घाटकोपर पूर्वेच्या वस्त्यांत भीमगीतं गाणाऱ्या बायकांना भेटायला मी गेले, तेव्हा हे कागद माझ्या पिशवीत होते.

एका मावशींनी तो कागद नातीकडून वाचून घेतला. मग मला विचारलं, "नाव नाही टाकणार? मग गाणं कुणाचं म्हणून लिहिणार, मॅडम?"

त्यांनी आपली वही पुढे केली. दोनशे पानी, वरून प्लास्टिकचं कव्हर, कोपरे दुमडून मऊ झालेले. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे एखाद्या जुन्या सिनेमातल्या गाण्याचे दोन-तीन शब्द. त्याखाली मुखडा, मग अंतरे. अक्षर दोन-तीन हातांचं. शेवटच्या अंतऱ्यात जिथे रचणाऱ्याचं नाव येतं तिथे लाल पेनने रेघ ओढलेली. बऱ्याच पानांवर त्या रेघेवर ‘वामन’ होतं, म्हणजे वामनदादा कर्डक. काही पानांवर वस्तीतल्याच माणसांची नावं होती, त्यांतली बहुतेक आता हयात नाहीत. आणि तीन-चार पानांवर मावशींचं स्वतःचं.

ही नाममुद्रा. तुका, नामा, जनी, चोखा यांच्यापासून चालत आलेली. छापखाना ज्यांच्या हाती नव्हता त्यांनी आपली रचना आपली म्हणून राखण्याची ही सोय केली. गाणं दहा गावं फिरतं, चाल बदलते, मधला एखादा अंतरा गळून जातो, पण शेवटचं नाव शाबूत राहतं, कारण ते काढलं तर ओळच मोडते. आणि मी त्या वहीसमोर बसून गाणाऱ्या बाईला ‘माहितीदाता क्र. ७’ करायला निघाले होते. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मात्र माझं नाव सोनेरी अक्षरांत येणार होतं.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. हे जे मी करते आहे, ते कुणाच्या खात्यावर जमा होतं?

आमच्या वाचनयादीत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलचं ‘थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड’ आहे. ते १९७४ सालचं. ते वाचावंच, त्याने माझे डोळे उघडले. पण त्याच्या तीस वर्षं आधी, १९४४ मध्ये, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. अण्णाभाऊंनी तमाशातली गौळण वगळली, गणातला गणपती काढून तिथे मायभूमीला वंदन आणलं. त्यांची शाळा दीड दिवसाची म्हणतात. मी ज्या घाटकोपरात रेकॉर्डर घेऊन हिंडत होते, त्याच घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांची झोपडी होती. आज मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी कलिन्याला आहे, लोककलेत एम. ए. करता येतं, अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. पण वस्तीने कलेतून स्वतःला घडवायचं, हे शिकवायला विद्यापीठातून कुणी यावं लागलं नव्हतं. आम्ही नंतर आलो.

आणि का आलो? पदवी नसती तर मी त्या गल्लीत गेले असते का? नसते गेले. मी मुलुंडची. शाहीर विलास घोगरेही मुलुंडलाच राहायचे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली गेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या घरात गळफास घेतला. माझ्या शाळेच्या दिवसांतली ही गोष्ट, रेल्वेने दोन-चार स्टेशनांवरची, आणि आमच्या कॉलनीत तिची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. घोगऱ्यांचा आवाज मी प्रथम ऐकला तो फार वर्षांनी, आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये. त्या माहितीपटाला पटवर्धनांनी चौदा वर्षं दिली. माझ्या क्षेत्रकार्याला एक सत्र होतं.

नाव लिहावं की झाकावं, याचं एकच उत्तर नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे त्या ‘परी’ या संकेतस्थळाने लोकांपुढे आणल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गावही आलं. ते पाहिल्यावर मला माझा ‘क्र. ७’ सहन होईना. उलट आरे कॉलनीतल्या पाड्यांवरचा वारली लग्नचौक घ्या. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर काढतात, त्यावर कुणाचीच सही नसते. तिथे एकीचं नाव टाकणं हाच अन्याय ठरेल. आणि नाव झाकण्याची गरजही खोटी नाही. कबीर कला मंचाच्या शाहीर शीतल साठे आणि सचिन माळी यांना २०१३ साली विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करावं लागलं. गाणाऱ्याचं नाव जिथे पोहोचतं, तिथे नाव शोधणारेही पोहोचतात.

म्हणून मी मावशींकडेच परत गेले, कागद कोरा ठेवून. त्यांनी जो निवाडा केला तो माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. "गाण्याला नाव लाव. बाकी जे घरातलं बोलले, त्याला लावू नको." गाणं सगळ्यांसमोर उभं राहून गायलेलं आहे, ते झाकायचं कशाला, आणि घरातलं बोलणं एका माणसाशी केलेलं आहे, ते वाटायचं कशाला. प्रबंधाची मांडणी मी तशीच केली. रचनांच्या भागात पूर्ण नावं, रचणाऱ्याचंही आणि गाणाऱ्याचंही. आयुष्याच्या हकिगतींच्या भागात एकही नाव नाही, आणि दोन्ही भाग जुळवून कुणी ओळख काढू शकेल अशा खुणाही गाळल्या. इथेही मी मावशींचं नाव देत नाही, कारण त्यांनी परवानगी दिली ती त्या प्रबंधापुरती.

ध्वनिमुद्रणांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ती कायमची जतन व्हावीत म्हणून संस्थेच्या संग्रहात द्यावीत, असं माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं आहे, आणि जतन होण्याबद्दलची त्यांची काळजी रास्त आहे. गाणाऱ्या बायकांच्या मंडळाचं म्हणणं वेगळं: मूळ प्रत मंडळाकडे राहील, संग्रहाला नक्कल मिळेल, आणि कुणाला ती वापरायची असेल तर त्याने आधी मंडळाला लेखी विचारायचं. मी मंडळाच्या बाजूने पत्र लिहिलं आहे. गुण त्यावर अडले तरी चालतील, असं लिहिताना हात थांबला होता, हे मी स्वतःपासून लपवत नाही. पत्र दिलं आहे, उत्तर यायचं आहे. दरम्यान मावशींच्या वहीची झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून दोन प्रती पोहोचवल्या. एक त्यांना आणि एक नातीला, कारण चौदा एप्रिलला गाणी आता तीच सांगणार आहे.